मेलेले उठतील, जिवंतांचे काय?

दिवाळीच्या अंकात मरणाविषयी लिहू नये, असा एक अलिखित संकेत आहे. संपादकांना हवा असतो तो मजकूर गोड असावा, निदान खमंग तरी असावा. फराळाच्या ताटात कोणी राख वाढीत नाही. हा संकेत मला मान्य आहे, आणि तरीही मी तो मोडणार आहे. कारण पंचांगाने आणि ख्रिस्ती दिनदर्शिकेने मिळून तो माझ्याआधीच मोडून ठेवला आहे. दर वर्षी २ नोव्हेंबरला कॅथलिक लोक आपल्या मृतांचा स्मरणदिन पाळतात, आणि दिवाळी बहुधा त्याच्या आगेमागेच येते. २०२४ साली तर बलिप्रतिपदा आणि हा स्मरणदिन अगदी एकाच दिवशी आले. वसईसारख्या ठिकाणी अशा संध्याकाळी एका आळीत दारादारांत पणत्या आणि पलीकडच्या कबरस्तानात थडग्याथडग्यांवर मेणबत्त्या. वरून उडत जाणाऱ्या पाखराला दोहोंतला फरक कळायचा नाही.

पण तेच पाखरू खाली उतरून चेहरे पाहू लागले, तर फरक लगेच कळेल. पणतीवाल्यांचे चेहरे हसरे, मेणबत्तीवाल्यांचे लांब. त्यात विशेष ते काय, असे कोणी म्हणेल. एक सण, दुसरे सुतक. विशेष एवढेच, की हे मेणबत्तीवाले दर रविवारी देवळात उभे राहून, खणखणीत आवाजात, मेलेले पुन्हा उठतील अशी आपली आशा असल्याचे सांगत असतात. ज्याच्या पदरी एवढी मोठी आशा आहे, त्याचे तोंड एरंडेल घेतल्यासारखे का? माझे भांडण ह्या तोंडाशी आहे. भांडण घरातले आहे. मीही त्याच रांगेत उभा राहून तीच कबुली म्हणतो. पण घरातले भांडण चारचौघांत केले की ते लवकर मिटते, असा आमच्या वाडीचा अनुभव आहे. म्हणून ते ह्या अंकात मांडतो.

आधी ही आशा म्हणजे काय, ते नीट सांगितले पाहिजे. शेजारचे अण्णा विचारतात, "म्हणजे आमच्या पुनर्जन्मासारखेच ना?" आणि आपण भिडेखातर "हो, तसेच काहीसे" असे म्हणून चहाचा कप पुढे करतो. अण्णांचे समाधान होते, चहा संपतो, आणि मुद्दा बशीतच राहतो. वास्तविक तसेच मुळीच नाही. पुनर्जन्माची कल्पना मोठी आहे, तिच्याशी माझा वाद नाही. तिचा हिशेब निराळा, हिचा निराळा. पुनर्जन्मात बिऱ्हाड बदलते. पुनरुत्थानात पडलेले घर त्याच माणसासाठी पुन्हा उभे राहते. तोच माणूस, तेच नाव, तीच ओळख. मात्र आता न पडणारे घर.

दुसरा घोटाळा ह्याहून मोठा, आणि तो अण्णांचा नव्हे, आमचाच आहे. ख्रिस्ती मयताला जाऊन पाहा. "आत्मा सुटला," "पिंजरा पडला, पाखरू उडाले," "देहाचे काय, माती ती माती," अशी वाक्ये चारही बाजूंनी कानांवर पडतात. वाक्ये सुंदर आहेत, पण ती आमची नव्हेत. देह हा तुरुंग आणि मरण म्हणजे सुटका, हे मत जुन्या ग्रीक पंडितांचे. पौल अथेन्सला जाऊन अरीयपगात बोलू लागला, तेव्हा त्या पंडितांनी त्याचे सारे भाषण शांतपणे ऐकून घेतले. पण मेलेले उठतात, असे म्हणताच काहींनी त्याची टर उडवली आणि काहींनी "पुन्हा कधी ऐकू" म्हणून त्याची सभ्यपणे बोळवण केली. पौलाने आत्म्याच्या अमरत्वावर व्याख्यान दिले असते, तर त्यांनी माना डोलावल्या असत्या. ते हसले, कारण हा मनुष्य देहाविषयी बोलत होता. आमच्या जुन्या विश्वासवचनातही शब्द आहेत ते देहाच्या पुनरुत्थानाचे. आत्म्याच्या सुटकेचे तिथे नावही नाही.

आणि देह म्हटला की हसू आलेच. आत्म्याविषयी विनोद करता येत नाही. त्याला पोट नाही, टक्कल नाही, तो घोरत नाही. विनोदाला देह लागतो. म्हणून ज्या दिवशी माणसांनी देह उठणार असे म्हटले, त्याच दिवसापासून ह्या आशेच्या पाठीमागे विनोद लागला. वर्गात मुले विचारतात, "गुरुजी, आजोबांची कवळी तर घरीच राहिली. मग उठल्यावर ते भाकरी कशी चावणार?" मुंबईतले लोक ह्याहून व्यवहारी. तिथे कबरींना जागा अपुरी. तात्पुरती कबर काही काळाने उघडून तीच जागा दुसऱ्या मयताला द्यावी लागते. तेव्हा मुंबईकर विचारतो, "शेवटच्या दिवशी एका खड्ड्यातून किती बिऱ्हाडे निघणार? आणि आधी वर कोण येणार, जुना भाडेकरू की नवा?" ज्याचा सारा जन्म चाळीत नळाच्या रांगेत गेला, त्याला प्रलयाच्या दिवशीही रांगच दिसावी, ह्यात नवल नाही.

असले प्रश्न विचारले की आमची वडीलधारी मंडळी डोळे वटारतात. "देवाच्या गोष्टींची थट्टा करू नये!" पण ही थट्टा आजची आहे का? खुद्द येशूला हाच टोमणा मारण्यात आला होता. सदूकी म्हणून एक पंथ होता. त्यांना पुनरुत्थान मान्य नव्हते. त्यांनी येशूपुढे एक कूट टाकले. सात भाऊ होते. थोरला निपुत्रिक मेला, म्हणून रीतीप्रमाणे दुसऱ्याने त्याच्या विधवेशी लग्न केले, तोही मेला, असे करता करता सातही मेले आणि शेवटी ती बाईही मेली. आता उठल्यावर ती कोणाची बायको? ह्या कूटात मला त्या बाईचीच दया येते. सात जणांचे दिवस घातले, आणि मेल्यावरही तिची चौकशी 'कोणाची' ह्या एकाच शब्दाने! येशूचे उत्तर असे, की त्या जीवनात लग्न करणे नाही आणि लग्नात देणे नाही. देव हा जिवंतांचा देव आहे. म्हणजे विनोद सदूक्यांनी केला आणि शेवटी मान ताठ झाली ती त्या बाईची.

कोणी म्हणेल, सदूकी विरोधकच होते. बरे, मग संत ऑगस्टिनकडे चला. पाचव्या शतकातला हा केवढा विद्वान! 'देवनगरी' हा त्याचा ग्रंथ बावीस भागांचा. साम्राज्ये, इतिहास, पाप, कृपा असे सगळे पालथे घालून शेवटच्या भागात हा थोर पुरुष कोणत्या प्रश्नांशी येऊन थांबतो? आयुष्यभर कापलेल्या केसांचे आणि नखांचे काय होणार? लठ्ठ माणूस लठ्ठच उठणार की बेताचा? लहानपणी वारलेले मूल कोणत्या वयाचे उठणार? ऑगस्टिन हे प्रश्न धिक्कारीत नाही; एकेक घेऊन त्यांना धीराने उत्तरे देतो. केस-नखे ढिगाने परत येऊन माणूस विद्रूप होईल, अशी भीती बाळगू नका, असेही समजावतो. वाचताना हसू येते, आणि मग लक्षात येते की ह्या माणसाला देह खरोखरच उठेल असे वाटत होते. ज्याचा मुंबईच्या गाडीचा बेत नुसता बोलण्यातला असतो, तो डबा कोणता घ्यावा हे विचारीत नाही. ज्याला खरोखर जायचे असते, तोच विचारतो.

आता मूळ शुभवर्तमानाकडे पाहा. आमच्या देवळांत ह्या गोष्टी अशा सुरात वाचल्या जातात, की जणू नगरपालिकेची जप्तीची नोटीस वाचली जात आहे. पण मजकूर काय आहे? लाजर मरून चार दिवस झालेले. येशू थडग्यावरची धोंड काढायला सांगतो. विश्वात कधी न घडलेली गोष्ट घडायची वेळ, आणि मार्था काय म्हणते? आता दुर्गंधी येत असेल! स्वयंपाकघर सांभाळणारी बाई ती. चमत्काराच्या उंबरठ्यावरही तिचे नाक जागे होते. पुढे ईस्टरची पहाट. मरीया माग्दालिया उठलेल्या प्रभूला पाहते आणि त्याला माळी समजते. स्त्रिया धावत जाऊन शिष्यांना वर्तमान सांगतात, तर शिष्यांना ती बायकांची वायफळ बडबड वाटते. मग पेत्र आणि दुसरा शिष्य थडग्याकडे धावत सुटतात. आणि त्या धावण्यात दुसरा पेत्राच्या पुढे गेला, ही नोंद करायला योहानाचे शुभवर्तमान विसरत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात पन्नास वर्षांपूर्वीची शर्यत आठवून सांगणारे म्हातारे मी पाहिले आहेत. हा सूर त्यातलाच. आणि डोक्याचा रुमाल? तो निराळा गुंडाळून ठेवलेला. मरणावर मात करून बाहेर पडणारा आपले अंथरूण आवरून गेला. आमच्या घरांतल्या किती तरुणांना एवढे जमते?

त्यानंतर उठलेला प्रभू करतो काय? राजवाड्यावर चालून जात नाही. शिष्यांपुढे येऊन विचारतो, खायला काही आहे का? आणि भाजलेल्या माशाचा तुकडा त्यांच्यादेखत खातो. पुढे एके पहाटे तळ्याच्या काठी निखारे पेटवून, त्यांवर मासळी ठेवून, भाकरीसकट न्याहारीची तयारी करून, रात्रभर जाळी टाकून दमलेल्या मित्रांना हाक मारतो. जाळ्यात मासे किती सापडले? एकशे त्रेपन्न. कोणी तरी ते मोजले! साक्षात मृत्युंजय काठावर उभा, आणि हे कोळी मासे मोजीत बसलेले. वसईच्या किंवा अलिबागच्या किनाऱ्यावर ज्याने सकाळचा मासळीबाजार पाहिला आहे, त्याला हे मोजणे पटेल. कोळ्याच्या हातात जाळे असले की देव आला तरी मोजणी चुकत नाही.

आणि युतुखाची गोष्ट तर प्रत्येक उपदेशकाने घरात चौकट करून लावावी. त्रोवस गावी पौलाचे प्रवचन मध्यरात्रीपर्यंत लांबले. खिडकीत बसलेल्या युतुख नावाच्या तरुणाला झोप लागली आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. उचलला तो मेलेला. पौल खाली आला, त्याला कवटाळले, आणि पोरगा जिवंत झाला. मग पौलाने काय करावे? वर जाऊन भाकरी मोडली, खाल्ली, आणि पहाटेपर्यंत पुन्हा बोलत राहिला! लांबलेल्या प्रवचनाने मेलेल्याला उठवण्याची शक्ती पौलाजवळ होती. आजच्या उपदेशकांजवळ ती नाही; तेव्हा त्यांनी वीस मिनिटांत आटोपते घ्यावे, हे बरे.

हे सारे मी विनोदासाठी ओढून आणलेले नाही; ते तिथेच आहे. जर्मन मुलखात पूर्वी ईस्टरच्या दिवशी प्रवचनातच विनोदी गोष्टी सांगून लोकांना हसवण्याची प्रथा होती. मरण फसले, आणि फसलेल्याला हसायचे नाही तर कोणाला? ही प्रथा पुढे बोकाळली, वात्रटपणा वाढला, आणि १५१८ साली बाझेलच्या इकोलांपाडियस नावाच्या पंडिताने तिच्यावर कोरडे ओढणारे पत्र छापले. त्याचे म्हणणे अगदी खोटे नसेल; व्यासपीठावरून पाचकळपणा कोणालाच नको. पण पाचकळपणा काढता काढता हसूच काढून टाकले, तर धुण्याबरोबर पोरालाच पिळून काढल्यासारखे होते. आमच्या देवळांतून ते हसू कधी गेले आणि त्या जागी ही सुतकी गंभीरता कधी येऊन बसली, कोणालाच कळले नाही.

इथे दोन बाजूंनी दोन मंडळी माझ्यावर चालून येतील, हे मला दिसते आहे.

पहिली मंडळी शिकलेली. ती समंजस हसून म्हणतात, "गुरुजी, हे सगळे रूपक आहे हो. येशूचे विचार जिवंत राहिले, एवढाच त्याचा अर्थ." उत्तम. विचार जिवंत राहतातच. सॉक्रेटिसाचे राहिले, तुकोबांचे राहिले, आणि ते राहायला थडगे रिकामे व्हावे लागले नाही. पण ज्या बाईचा कर्ता मुलगा गेला, तिला जाऊन सांगा, "बाई, तुमच्या मुलाचे विचार जिवंत आहेत." ती तुम्हांला पाणीसुद्धा विचारणार नाही, आणि तिचे बरोबर असेल. तिला मुलाचे विचार नको आहेत, तिला तो मुलगा हवा आहे, दारात चपला आडव्यातिडव्या टाकून "आई, जेवायला काय?" म्हणणारा. ख्रिस्ती आशा खरी की खोटी, हा ज्याचा त्याचा विश्वास. पण ती आशा आहे ती ह्याच मुलाची, त्याच्या विचारांची नव्हे. कोणाला ती नाकारायची असेल, त्याने ती सरळ नाकारावी. तो प्रामाणिकपणा झाला. तिच्यात पाणी घालून तेच दूध म्हणून विकू नये.

दुसरी मंडळी भाविक. ती म्हणतात, "मरणाच्या दारात हसायचे? माणसाला काही दुःख आहे की नाही?" आणि गंमत अशी, की हीच मंडळी मयताच्या घरी जाऊन सांगतात, "रडू नका, देवाची इच्छा!" म्हणजे हसायलाही बंदी आणि रडायलाही बंदी, माणसाने नुसते थडग्याच्या दगडासारखे बसावे. पण लाजराच्या थडग्याशी येशू रडला. थोड्याच वेळाने त्याला उठवायचे आहे हे ठाऊक असताना रडला! देह जर नुसता पिंजरा असता, तर रडण्याजोगे त्यात काय होते? तो रडला, कारण मित्राचा चेहरा मोलाचा होता. आणि त्याने उठवले तेही त्याच कारणासाठी. तेव्हा ज्याला हसू येते त्यालाच रडूही खरे येते. बंदी घालायची तर ती ह्या दोहोंवर नको, ठराविक सांत्वनावर घाला. ज्याला काय बोलावे ते सुचत नाही, त्याने भाकरतुकडा घेऊन जावे आणि गप्प बसावे.

ह्या मंडळींची आणखी एक शंका असते: जाळलेला देह कसा उठणार? तिचे उत्तर आपल्या महाराष्ट्रातच आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ साली वारले, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना अग्नी देण्यात आला. टिळकांचा पुनरुत्थानावर विश्वास नव्हता, असे म्हणायची कोणाची छाती आहे? त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुरे केले. आणि ज्या बाईने 'स्मृतिचित्रे' लिहिताना स्वतःच्या हालअपेष्टांनाही हसून घेतले, तिला कोणी अश्रद्ध म्हणत नाही. पुढे १९६३ साली कॅथलिक धर्मपीठानेही दहनाची मुभा दिली. २०१६ साली पुन्हा सांगितले ते एवढेच, की दफन अधिक पसंत, आणि दहन केले तर रक्षा वाऱ्यावर उधळू नये, मानाने पवित्र जागी ठेवावी. ज्याने मातीतून माणूस केला, त्याला राखेची अडचण वाटेल, ही भीती देवाला हलके लेखणारी आहे. पौलाने ह्या शंकेखोराला मूर्खच म्हटले आणि शेताकडे बोट दाखवले. पेरलेला दाणा आणि उगवलेले कणीस एकसारखे दिसत नाही. पण ज्वारी पेरून कोणी बाजरी कापल्याचे ऐकिवात नाही.

पण माझे खरे भांडण अजून राहिलेच आहे. हसण्या-रडण्याची गोष्ट एक वेळ सोडून देता येईल. लांब तोंडाचे खरे पाप निराळे आहे. "मेल्यावर सगळे ठीक होईल" असे म्हणणारा मनुष्य जिवंतपणी काहीच ठीक करीत नाही. देह माती आहे असे एकदा ठरले, की उपाशी देहाकडे पाहायचे कारण उरत नाही. आशेला अफू म्हणणारे लोक ह्याच माणसाकडे बोट दाखवतात, आणि त्याच्यापुरते त्यांचे म्हणणे खरे असते. पण ज्याला देह उठणार असे खरोखर वाटते, त्याला देहाची हेळसांड करताच येत नाही. याईराची बारा वर्षांची मुलगी मेली होती. येशूने तिला हात धरून उठवले, आणि लोक थक्क होऊन उभे असताना पहिली आज्ञा काय केली? हिला काही खायला द्या! आमच्या स्तोत्रांत आणि प्रवचनांत हे वाक्य किती वेळा येते, ते आपले आपण मोजावे.

पंडिता रमाबाईंनी ते मोजले होते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि भुकेने खंगलेल्या शेकडो मुलींना-विधवांना घेऊन आल्या. केडगावचे 'मुक्ती' उभे राहिले. तिथे त्यांना आधी अन्न मिळाले, मग अक्षर, मग हाताला काम. विल्यम वॉन्लेस ह्यांनी १८९४ साली मिरजेला रुग्णालय सुरू केले. पुढे वेल्लोरला डॉक्टर पॉल ब्रँड ह्यांनी कुष्ठरोग्यांच्या वाकड्या, निकामी झालेल्या बोटांवर शस्त्रक्रिया करून ती पुन्हा घास उचलण्याजोगी केली. जे हात लोक विटाळ म्हणून पाहत नव्हते, ते त्यांनी आपल्या हातांत घेतले. देह जर टाकून द्यायचा पिंजरा असेल, तर पिंजऱ्याचे गज सरळ करीत कोण बसतो? ही माणसे बसली. आणि उठलेल्या प्रभूच्या हातांवरही खिळ्यांचे व्रण होतेच, ते थोमाला दाखवण्यात आले, हेही विसरू नये. जखमांना तिथे मान आहे.

आता कबरस्तानाकडेच पुन्हा या. जानेवारी २०२५ मध्ये छत्तीसगढच्या बस्तर भागात एक ख्रिस्ती पाळक वारले. त्यांच्याच गावात त्यांना पुरण्याला विरोध झाला. ७ तारखेला मरण आलेला तो देह सुमारे तीन आठवडे शवागारात पडून राहिला. मुलगा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २७ जानेवारीला दोन न्यायमूर्तींचे एकमत झाले नाही. अखेर वीस-पंचवीस किलोमीटर दूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्याचा आदेश झाला. बापासाठी साडेतीन हात जागा मागत दिल्लीपर्यंत जावे लागणे, ह्यावर विनोद मला सुचत नाही आणि सुचू नये. गावकऱ्यांना मी एवढेच विचारीन: जो माणूस तुमच्यात राहिला, त्याच्या मातीचे तुम्हांला एवढे भय का?

पण त्यांना विचारण्याआधी स्वतःला विचारले पाहिजे. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या मेलपुदूर भागातल्या ख्रिस्ती कबरस्तानात दलित ख्रिस्ती आणि इतर ख्रिस्ती ह्यांच्या थडग्यांमध्ये भिंत घातली गेली, आणि ती अनेक वर्षे वादाचा विषय झाली. थडग्यांच्या मध्ये भिंत! शिपाईगडी कर्णा फुंकणार, सारे एकदम उठणार, असे ज्यांनी रविवारी म्हटले, त्यांनीच सोमवारी गवंडी बोलावला. काय बेत होता त्यांचा? इकडचे उठले की तिकडच्यांना दिसू नयेत? की प्रभूने आधी चुना लावलेल्या बाजूला यावे, आणि मग वेळ उरला तर दुसऱ्या? सदूक्यांनी पुनरुत्थान तोंडाने नाकारले. ह्या भिंतीने ते विटांनी नाकारले. पहिल्यांचा प्रामाणिकपणा तरी मान्य करावा लागतो. आणि महाराष्ट्रातल्या वाचकांनी हे दूरच्या तमिळ मुलखातले म्हणून सुटकेचा श्वास टाकू नये. विटांची भिंत दिसते. सोयरिकीची, पंक्तीची आणि देवळातल्या बाकांची भिंत दिसत नाही, एवढाच फरक.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात हे. पुनरुत्थानाची आशा सांगणाऱ्याने तीन गोष्टी करून दाखवाव्यात. त्याने मरणाला हसावे, कारण ते फसले आहे असे तो म्हणतो. त्याने मेलेल्यासाठी मोकळेपणी रडावे, कारण तो देह मोलाचा होता असे तो म्हणतो. आणि त्याने जिवंत देहाला आज जेवू घालावे, औषध द्यावे, शेजारी बसवावे. कारण हाच देह उठणार, असे तो म्हणतो. ह्यांतले एकही जमत नसेल, तर त्याने रविवारी त्या वाक्यापाशी गप्प राहावे. कबुली मोठ्याने म्हणण्याचे इनाम कोणी ठेवलेले नाही.

पाडव्याला महाराष्ट्रात घरोघर बळीचे राज्य येवो असे म्हणतात. पाताळात दडपलेल्या राजाच्या येण्याची ती आस. आमची आशा निराळी, तिचा राजा निराळा. पण तो पाडवा म्हणणारी आमची शेजारीण तोंड लांब करून म्हणत नाही. ती ओवाळते, हसते, ताटात करंजी वाढते, आणि परत निघालेल्या पाहुण्याच्या हातात डबा देते. तिच्याकडून एवढे तरी शिकायला हरकत नाही. यंदा २ नोव्हेंबरला थडग्यावर मेणबत्ती लावून झाली की, ख्रिस्ती वाचकहो, थडग्यातल्या माणसाची एखादी फजितीची गोष्ट आठवून मोठ्याने सांगा. कबरस्तानाच्या फाटकाशी जे हात पसरून बसलेले असतात, त्यांना ती ऐकवायची गरज नाही. त्यांना आधी जेवायला घाला.